वरच्या टप्प्यावरचं घरटं

९ मार्च

ठके,

पत्र बघून घाबरू नकोस. कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. फोन का केला नाही असं विचारशील, तर खाणीत रेंज कशी येते ते तुला ठाऊक आहे. गच्चीवर गेलं की येते हेही तुला ठाऊक आहे, पण माझे गुडघे आता जिना नुसता बघूनच कुरकुर करतात.

मुद्द्याचं बोलतो. त्या रविवारी तुझा फोन आला, आपण बोललो, आणि तेव्हापासून तू गप्प. एरवी एक रविवार चुकवत नव्हतीस. मी बोलता बोलता तुला लागेल असं काही बोललो का? मला आठवतं त्याप्रमाणे मी चार शब्दच बोललो आणि चारही चांगले होते. तू फोन ठेवल्यावरसुद्धा मी बराच वेळ तो तसाच धरून बसलो होतो, म्हणजे बघ. रागावली असशील तर सरळ सांग. लहानपणी तू रागावलीस की पलंगाखाली जाऊन बसायचीस, तेव्हा निदान पाय तरी दिसायचे.

जावईबापू बरे आहेत ना? त्यांना माझा नमस्कार सांग. त्यांना नको असला तरी सांग.

आता तुझ्या गिनी कोंबड्यांबद्दल. तुझ्याच म्हणायच्या, कारण लेकी सासरी जाताना माहेरी आठवणी ठेवून जातात म्हणे, तू ही सात ठिपकेदार भुतं ठेवून गेलीस. साप दिसला की बोंब ठोकतात म्हणून वस्तीतले लोक त्यांना सहन करतात, नाहीतर केव्हाच त्यांचा रस्सा झाला असता. तू सांगितल्याप्रमाणे मी त्यांना रोज दुपारपर्यंत खुराड्यात बंद ठेवतो, म्हणजे अंडी आतच घालतील. पण सकाळी उठून बघावं तर खुराड्याचं दार सताड उघडं आणि सगळ्या बाहेर! कडी मी स्वतः लावतो. वाऱ्यानं निघणारी कडी नाही ती. कोणीतरी काढतंय.

आणि त्यातली एक मादी हल्ली दिवसभर दिसत नाही. संध्याकाळी घाईघाईनं येते, चार दाणे टिपते आणि पुन्हा गायब. कुठेतरी बाहेर अंडी घालतेय. कुत्री आहेत, मुंगूस आहे, वर आमच्या गाड्या आणि सुरुंग. कसं शोधायचं ते कळव. तेवढं तरी कळव.

बाबा


२० मार्च

ठके,

तुझं पत्र मिळालं. सहा ओळी. सहाही कोंबड्यांबद्दल! वर ‘बाबा’ नाही, खाली ‘तुमची’ नाही. एखाद्या पशुवैद्यानं चिठ्ठी द्यावी तसं. तरी मी ते खिशात ठेवलंय आणि जेवणाच्या सुट्टीत काढून वाचतो. लंबूनं विचारलं, कोणाचं? म्हटलं, लेकीचं. म्हणाला, एवढंच? म्हटलं, ती मोजकं लिहिते. (लंबू म्हणजे आमचा ड्रिलवाला. तू होतीस तेव्हा तो आला नव्हता. दारातून वाकून येतो म्हणून लंबू.)

तर तू लिहिलंस त्याप्रमाणे सगळं चालू आहे. नर एकटाच कुठे उभा राहून ओरडतो त्याकडे कान द्या, घरटं तिथून जवळच असतं, असं तुझं म्हणणं. मी त्याच्यावर नजर ठेवून आहे. कानापेक्षा नजर बरी. पण तो बेटा महाबिलंदर आहे. मी मागे निघालो की क्रशरकडे चालू लागतो, तिथून शेडकडे, शेडवरून पाण्याच्या टाकीकडे, आणि मी दमून दगडावर बसलो की तोही समोर बसतो. चोच उघडतो, मिटतो. मला वाटतं हसत असावा.

कडीचं कोडं मात्र सुटलं. काल मी सकाळी खिडकीशी दबा धरून बसलो, तर शेजारची मुकादमीणबाई! पदर खोचून आली, कडी काढली, दार उघडलं आणि आतल्या सगळ्यांना हात जोडले. मी बाहेर जाऊन म्हटलं, बाई, हे काय चाललंय? तर उलट माझ्यावरच.

“अहो, उजाडायच्या आधीपासून किंचाळतात त्या! आमच्या घराच्या भिंती हादरतात. आणि तुम्ही खुराड्याला टेकून झोपल्यासारखे झोपता! दोनदा दार वाजवलं तुमचं, उठला नाहीत. मग काय करू? सोडते त्यांना.”

मी म्हटलं, झोप गाढ आहे माझी. दिवसभर उन्हात काम असतं.

“गाढ? भोंगा वाजला तरी उठणार नाही तुम्ही,” असं म्हणून निघून गेली. तिच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही. मी खुराड्याला गोणपाटं बांधली आहेत. अंधार असला की गप्प राहतात म्हणे. राहतात की नाही ते तिला विचारायला पाहिजे.

काम जोरात आहे. खाणीच्या वरच्या टप्प्यावर लंबू सुरुंगासाठी भोकं पाडतोय, दोन आठवड्यांत बार उडवायचा. सध्या मी एक सुधारणा केली आहे. पूर्वी सुरुंग उडवण्याआधी तीन वाटांवरचे तीन पहारेकरी वाट मोकळी झाली की नुसती शिट्टी द्यायचे. आता मी सांगितलंय की शिट्टीबरोबर हिरवं निशाणही वर धरा. मॅनेजरसाहेबांनी शाबासकी दिली. म्हणाले, या वयात नवीन सुचतं तुम्हाला.

तू काहीतरी लिही गं. कोंबड्यांखेरीज काहीतरी.

बाबा


२८ मार्च

ठके,

घरटं सापडलं. मी नाही शोधलं.

काल जेवताना मी सहज लंबूला म्हटलं, तीन आठवडे झाले, त्या मादीचा पत्ता नाही. तर तो घास हातात तसाच धरून माझ्याकडे बघायला लागला.

“अहो काका, चेष्टा करताय का? वरच्या टप्प्यावर आहे ती, गवतात. आठ दिवस झाले, तो नर माझ्या डोक्यावर बसून कोकलतोय. ड्रिल बंद केलं की त्याचं चालू. खाली क्रशरवर ऐकू येतं लोकांना.”

मी म्हटलं, हो का? माझं लक्ष नसेल.

“कालच तुम्ही तिथे भोकांची खोली मोजत होतात की. तो तुमच्या पाठीमागे हातभर लांब होता!”

मी हसण्यावारी नेलं. तो हसला नाही. नंतर मी हत्यारांच्या शेडमध्ये वायरी गुंडाळत होतो, तर मागे वळून बघतो तो लंबू उभा आणि त्याच्या पायाशी लोखंडी पहार पडलेली. माझ्या तोंडाकडे बघत होता. मग पहार उचलली आणि गेला. विचित्र माणूस आहे. तेव्हापासून मी जिथे जातो तिथे तो काहीतरी निमित्त काढून येतो.

घरट्याचं ऐक. टप्प्याच्या अगदी कडेला, वाळलेल्या गवताच्या झुडपाखाली खळगा केलाय. दोघींनी मिळून अंडी घातलेली दिसतात, ढीग आहे नुसता, आणि एक जण त्यावर घट्ट बसलीय. लंबूचं शेवटचं भोक तिच्यापासून दोन हातांवर! मी वाकलो तर तिनं मान अशी चपटी केली की दगड आणि ती वेगळी दिसेना. मला तिचा राग आला, खरं सांगतो. एवढा डोंगर पडलाय, एवढं रान पडलंय, आणि हिला बसायला जागा कुठली मिळाली, तर जिथे मी येत्या गुरुवारी दगड आकाशात उडवणार तिथे. पण तिच्या बाजूनं बघितलं तर तिथे कुत्रं चढत नाही, माणूस फिरकत नाही, ऊन बेताचं. तिला काय माहीत आमचं वेळापत्रक.

बार पुढे ढकलता येत नाही. मुकादमाला विचारलं, त्यानं कपाळाला हात लावला. मादीला घरट्यासकट उचलून दुसरीकडे ठेवलं तर ती बसत नाही, हे तूच पूर्वी सांगितलं होतंस. म्हणून मी मुकादमीणबाईकडे गेलो. तिची साधी कोंबडी खुडूक झालीय, दिवसभर फुगून बसलेली असते. बाई म्हणाली, आणा अंडी, माझी सांभाळेल. अंडी कोणाची हे ती विचारत नाही. तोंडानं फटकळ असली तरी बाई मनाची मोठी आहे.

म्हणजे असं ठरलं, की गुरुवारी सकाळी भोकांत दारू भरायच्या आधी तू लिहिलंस तसं मी लांब दांड्याच्या चमच्यानं अंडी काढायची, टोपलीत घालून खाली आणायची आणि मादीला हुसकून लावायचं. ती चिडेल, चार दिवस रुसेल. पण जगेल.

रुसण्यावरून आठवलं. तुझा रुसवा कशाचा आहे ते अजून कळलं नाही मला.

बाबा


३ एप्रिल

ठके,

काल जे झालं ते सरळ लिहितो.

सकाळी अंडी काढली. मादीनं माझ्या मनगटाला दोन चोची मारल्या आणि उडून गेली. अंडी मुकादमीणबाईकडे दिली, तिची खुडूक कोंबडी लगेच पंख पसरून बसली. मग आम्ही दारू भरली, वायरी जोडल्या, सगळे खाली आलो. भोंगा वाजला. म्हणजे मुकादमानं बटण दाबलेलं मी बघितलं.

मी बार उडवायची पेटी घेऊन खडकाच्या आडोशाला बसलो. तेवढ्यात खालच्या रस्त्यावर मुकादमीणबाई दिसली. माझ्याकडे बघून काहीतरी विचारत होती, वर बोट दाखवत होती. मला वाटलं, अंडी नीट आहेत असं सांगतेय. मी हात हलवला. हो हो, ठीक आहे. तीही हात हलवून गेली.

मग एकेक करून तीन हिरवी निशाणं वर झाली. मी पेटीकडे वळलो, किल्ली घातली. आणि कोणीतरी माझं मनगट असं आवळलं की हाड मोडतंय असं वाटलं. लंबू. त्याचं तोंड माझ्या तोंडासमोर, डोळे विस्फारलेले, आणि तो ओरडत होता. इतक्या जवळून ओरडल्यावर मला ऐकू आलं. “थांबा! शिट्टी चाललीय! थांबा!”

वर बघितलं. वरच्या टप्प्याच्या कडेला मुकादमीणबाई उभी होती, पदरात मादी गुंडाळून. मागच्या वाटेवरचा पहारेकरी निशाण टाकून तिच्याकडे धावत होता, गाल फुगवून शिट्टी फुंकत.

नंतर कळलं, ती मला खालून विचारत होती, “मादी परत येऊन रिकाम्या खळग्यात बसलीय, आणू का मी? वेळ आहे ना?” आणि मी हो म्हणालो होतो.

ती खाली आली. मुकादमानं माझ्या हातातून किल्ली घेतली. बार त्यानंच उडवला, भरलेली भोकं तशी ठेवता येत नाहीत. मला तो बार फक्त पायांतून कळला. बाई माझ्याशेजारीच बसली होती, हातांवर ओरखडे, मांडीवर ती पदरात गुंडाळलेली मादी. मी तिला म्हटलं, बाई, मला ऐकू येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. ती माझ्याकडे वळून, तोंड मोठं करून, सावकाश म्हणाली, “ते आम्हाला कळायला हवं होतं. एवढ्या किंचाळणाऱ्या कोंबड्यांशेजारी कोण झोपतं?”

ठके, उजवा कान बराच आधी गेला. डाव्यावर भागवत होतो, या हिवाळ्यात तोही बसला. सुरुंगवाल्याला ऐकू येत नाही म्हटलं की त्याला घरी बसवतात, आणि घरी कोण आहे? तुझी आई असती तर गोष्ट वेगळी. म्हणून मी लोकांची तोंडं बघायला शिकलो, निशाणं लावायला लावली, आणि कळलं नाही तर हो म्हणून टाकायचो. बहुतेक वेळा चालून जातं. लोक बहुतेक वेळा हो म्हणण्यासारखंच विचारतात.

संध्याकाळी मॅनेजरसाहेबांना जाऊन सगळं सांगितलं. सुरुंगाचं काम संपलं माझं. पुढे काय ते ते ठरवतील. मला त्याचं वाईट वाटतंय, पण आत्ता लिहायला बसलोय ते त्यासाठी नाही.

काल रात्री जेवण गेलं नाही. बाईला मी हात हलवून पाठवलं तो हात सारखा डोळ्यांसमोर येत होता. आणि मग तू आलीस. त्या रविवारचा फोन! तुझा आवाज येत होता, भिंतीपलीकडून कोणी बोलावं तसा. शब्द एकही कळला नाही. मी मनाशी म्हटलं, नेहमीचंच असेल, नोकरी, पाणी, भाजी. आणि मी नेहमीसारखं म्हणालो, “छान! उत्तम झालं. बाकी बघू सावकाश.”

तू काय सांगितलं होतंस गं?

लिहून पाठव. काहीही असू दे, जसं सांगितलं होतंस तसंच लिही.

बाबा


२२ एप्रिल

ठके,

तुझं पत्र परवा आलं. वर ‘बाबा’ आहे, ते आधी बघितलं.

‘बाबा, आम्ही वेगळे झालो. मी महिनाभर एकटीच राहतेय. थोडे दिवस तिकडे येऊ का?’ आणि मी म्हणालो, छान, उत्तम झालं, बाकी बघू सावकाश.

मी ते वाचलं आणि हत्यारांच्या शेडमागे जाऊन बसलो. मला रडू आलं, ते लपवत नाही. तू किती वेळ तो फोन हातात धरून जिन्यात उभी होतीस ते तू लिहिलंयस. मी इकडे माझा धरून बसलो होतो. दोघंही मुकाट, आणि मी आपला वाट बघतोय की तू आणखी काही बोलशील.

तुला वाटलं, मला आनंद झाला. वाटणारच. जावईबापू मला पहिल्या दिवसापासून आवडले नव्हते आणि मी ते कधी झाकलं नाही. लग्नात मी त्यांच्याशी दगडाच्या भावाबद्दलच बोललो होतो. पण ठके, तुझं घर मोडलं म्हणून टाळी वाजवणारा बाप नाही मी. तू दोन महिने तसं समजून जेवत होतीस, झोपत होतीस, कामावर जात होतीस, आणि वर मला चमच्यानं अंडी काढायला शिकवत होतीस. त्या सहा ओळी तू कशा लिहिल्या असशील ते आता कळतंय मला. मी त्यांची थट्टा केली. ती मागे घेतो.

इकडची खबर सांगतो. मॅनेजरसाहेबांनी मला हत्यारांच्या भांडारात बसवलंय. लोक येतात, बोटानं दाखवतात, मी काढून देतो. शहरातल्या कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, यंत्रानं डावा थोडा उघडेल, उजव्याची आशा नको. यंत्र पुढच्या आठवड्यात मिळेल. मुकादमीणबाई म्हणते, यंत्र लावल्यावर पहिल्यांदा खुराड्याशेजारी झोपा, म्हणजे आमचे हाल कळतील. मुकादम अजून माझ्याशी तुटक आहे. त्याचं बरोबर आहे. त्याची बायको होती वर.

पिल्लं सोमवारी निघाली. मुकादमीणबाईच्या कोंबडीला आपल्याला काय झालंय ते कळेना. पट्टेरी, लाल पायांची, आणि जन्मल्या जन्मल्या पळत सुटणारी. त्यांना उथळ ताटलीतून पाणी देतोय, आत गारगोट्या टाकून, म्हणजे बुडणार नाहीत. सकाळचं दंव उतरेपर्यंत बाहेर सोडत नाही. हे सगळं तुझंच शिकवलेलं. ती मादी मात्र आता खुराड्याच्या कोपऱ्यात अंडी घालायला लागलीय, जणू काही झालंच नव्हतं.

‘येऊ का’ याचं उत्तर मी तुला तेव्हाच द्यायला हवं होतं. ये. थोडे दिवस म्हणू नकोस, तुझे तू ठरव. खोली झाडून ठेवलीय. गादी उन्हात टाकलीय.

आणि आलीस की आधी माझ्यासमोर बस, दिव्याकडे तोंड करून, म्हणजे मला ओठ दिसतील. पत्रात तू सगळं लिहिलंयस, पण ते तू मला तोंडानं सांगितलं होतंस, तेव्हा तोंडानंच परत सांग. पहिल्यापासून, तुला सांगावंसं वाटेल तेवढं. मी मध्ये मान हलवणार नाही, छान म्हणणार नाही. कळलं नाही तर ‘काय म्हणालीस?’ असं विचारीन, पुन्हा पुन्हा विचारीन. तू कंटाळू नकोस.

बाबा